बांबूचा ब्रश नंतर, आधी भाताचं पातेलं

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पर्यावरण दिन ५ जूनला असतो, तरी हे पत्र मार्चमध्येच पाठवत आहोत. ओल्या कचऱ्याचं खत करायला जो सुका पाला लागतो, तो मुंबईत या दिवसांत पडतो. जूनच्या पुरवणीत खताची कृती वाचून कुणी हौसेने बादली आणली, तर हाताशी पाला नसतो, बाहेर पाऊस लागलेला असतो आणि पंधरा दिवसांत वास सुटून ती बादली जिन्याखाली जाते. दरवर्षी हेच होतं.

दुसरं कारण त्या पुरवण्यांतल्या याद्या. बांबूचा ब्रश, स्टीलचा स्ट्रॉ, कापडी पिशवी, दिवे बंद करणं आणि अन्न वाया न घालवणं, सगळं एका रांगेत छापलेलं असतं. वाचणारा साहजिकच त्यातलं सगळ्यात सोपं उचलतो आणि ब्रश विकत घेतो. मुंबईतल्या चार माणसांच्या साध्या घराचा विचार केला, तर आमच्या मते क्रम असा लागतो: आधी फेकलं जाणारं अन्न आणि त्याचा कचरा, मग दूध-पनीर-मटण, मग गॅस आणि पाणी. ब्रश, स्ट्रॉ वगैरे त्याच्या बरंच खाली. (दोन एसी रात्रभर चालतात किंवा वर्षातून दोनदा विमानप्रवास होतो, अशा घरांचा क्रम वेगळा, त्यांनी सुरुवात तिथूनच करावी.)

अन्न पहिलं का, ते सांगतो. मुंबईत रोज सहा ते सात हजार टन कचरा निघतो आणि त्यातला निम्म्याहून अधिक ओला असतो. देवनारचं क्षेपणस्थळ (डम्पिंग ग्राउंड) १९२७ पासूनचं. मुलुंडचं २०१८ मध्ये बंद झाल्यावर भार देवनार आणि कांजूरमार्गवर आला. ओला कचरा ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही आणि तो सडताना मिथेन सोडतो. वीस वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपट तापवतो, शंभर वर्षांच्या हिशेबात अठ्ठावीसपटीच्या आसपास. जानेवारी २०१६ मध्ये देवनारला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला होता. अशा आगी भडकायला हाच वायू हातभार लावतो. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून. भारतीय घरांचा त्यातला अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे.

तेव्हा सुरुवात भाताच्या पातेल्यापासून. कच्चा तांदूळ शिजून साधारण तिप्पट होतो. पोळी-भाजीच्या जेवणात मोठ्या माणसाला ५० ग्रॅम तांदूळ पुरतो, नुसता वरण-भात असेल तर ७० ते ८०. बहुतेक घरांत माप वाटीचं असतं, पण ती वाटी किती ग्रॅमची हे कुणी पाहिलेलं नसतं. एकदा वाण्याकडच्या काट्यावर ती तांदळाने भरून तोलून घ्या. १५० ग्रॅमची वाटी १०० ची समजून ‘चौघांना दोन वाट्या’ लावणाऱ्या घरात रोज १०० ग्रॅम तांदूळ, म्हणजे ३०० ग्रॅम भात जास्त होतो. तो सकाळी फोडणीला पडला तर प्रश्न नाही, पण तो टिकवावा लागतो. मुंबईच्या दमट हवेत भात रात्रभर ओट्यावर ठेवू नये. तांदळातल्या बॅसिलस सिरियस या जिवाणूची बीजं शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ती वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणीच्या आचेने जात नाही. भात पसरट ताटात मोकळा करून तासाभरात गार करावा, झाकून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी संपवावा. गरम पातेलंच फ्रिजमध्ये ढकललं तर मधला भात कित्येक तास कोमट राहतो.

भाजीच्या बाबतीत आपल्या स्वयंपाकाला नव्याने काही शिकवायला नको. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, फणसाच्या आठळ्या उकडून आमटीत, कलिंगडाचा पांढरा गर किसून धिरड्यात, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, हे सगळं घरोघरी होतं. फ्लॉवरचा पाला मात्र मंडईतच तोडून टाकायला सांगण्याची रीत पडली आहे. त्यातली कोवळी पानं बारीक चिरून चणाडाळ घालून परतली तर उत्तम भाजी होते. साठवणीतल्या दोन चुका फार महागात पडतात. कांदे आणि बटाटे एकाच टोपलीत ठेवले की बटाट्यांना लवकर मोड येतात. पालेभाजी धुऊन फ्रिजमध्ये ठेवली की तीन दिवसांत चिकट होते. ती न धुता, मुळं कापून, सुती फडक्यात गुंडाळून ठेवावी आणि वापरताना धुवावी.

आता खत. याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण छापून येणाऱ्या कृतींमध्ये नेमकं बिघडतं कुठे तेच नसतं.

चौघांच्या घरात रोज पाऊण ते एक किलो ओला कचरा निघतो. त्याला रंगाच्या वीस लिटरच्या तीन बादल्या पुरतात. महागडी कुंडीची उतरंड घेतलीच पाहिजे असं नाही. बादलीच्या कडेने चार-पाच ओळींत, तीन-तीन इंचांवर, सहा ते आठ मिलिमीटरची भोकं पाडावीत, आठ-दहा तळाला. बादली दोन विटांवर, खाली ताटली. उंदरांचा त्रास असेल तर भोकांना आतून बारीक जाळी. तळाला नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा दोन इंच थर, त्यावर सुका पाला. मग रोजचा कचरा बारीक चिरून टाकायचा, आणि जितक्या वाट्या कचरा तितक्याच वाट्या चुरलेला पाला वर. पावसाळ्यात पाला दीडपट ते दुप्पट. आठवड्यातून दोनदा खालून वर ढवळायचं. एक बादली भरायला साधारण तीन आठवडे लागतात. ती झाकून बाजूला ठेवली की दुसरी, मग तिसरी. तिसरी भरेपर्यंत पहिलीतलं खत होत आलेलं असतं. विरजण म्हणून जुन्या खताची ओंजळ किंवा आंबट ताकात कालवलेला गुळाचा खडा पुरतो. बाजारातल्या पुड्यांनी काम थोडं लवकर सुरू होतं इतकंच. पाला कमी असेल तर कुठलीही पुडी वास थांबवत नाही.

पाल्याचं इतकं महत्त्व का? कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागामागे पंचवीस ते तीस भाग कर्ब (कार्बन) लागतो. भाजीपाल्याच्या कचऱ्यात तो पंधरा-वीसच असतो आणि पाणी मात्र भरपूर. पाला कर्ब पुरवतो, जास्तीचं पाणी शोषतो आणि मध्ये हवेला जागा ठेवतो. या तिन्हींपैकी एक बिघडलं की बादली ते वासाने सांगते. नाकात झोंबणारा, अमोनियासारखा वास आला तर नत्र जास्त झालंय, पाला घाला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे आत हवा नाही. सगळं बाहेर काढून, मोकळं करून, पाला मिसळून परत भरा. काहीच वास नाही पण महिनाभर कचरा जसाच्या तसा, तर तो कोरडा पडलाय. मूठभर माल घट्ट पिळून पाहावा: एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर ओला, हात कोरडा राहिला तर पाणी शिंपडा.

पांढरट-तपकिरी जाड अळ्या दिसल्या की बहुतेक लोक घाबरून काम सोडतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, रोग पसरवत नाहीत आणि कचरा झपाट्याने खातात. त्यांचं येणं म्हणजे कचरा ओला आहे किंवा शिजलेलं अन्न जास्त पडतंय. नको असतील तर पाला वाढवा आणि बादलीच्या तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा. बारीक चिलटं फळांच्या सालींवर येतात. साल उघडी राहू देऊ नये, वर बोटभर पाला हवाच. शिजलेलं अन्न घालायचं तर रस्सा निथळून, तेल-मीठ धुऊन, थोडं थोडं. चहाचा चोथा दूध-साखर धुऊन. मासळीची डोकी, हाडं बादलीत नकोत. ती पालिकेच्या ओल्या कचऱ्यात द्यावीत. करवंट्या आणि आंब्याच्या बाठी वर्षभरातही कुजत नाहीत. निर्माल्यातला हाराचा दोरा आधी काढा, हल्ली तो बहुधा कृत्रिम धाग्याचा असतो, आणि तोच शेवटी ढवळायच्या काठीला गुंडाळतो.

पाला कुठला? पर्जन्यवृक्षाची पानं सगळ्यात उत्तम. बारीक असतात, चुरायला लागत नाहीत, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये रस्त्याच्या कडेला त्यांचे ढीग लागतात. पिंपळ, सोनमोहोर चांगले. आंबा, फणस, देशी बदाम यांची पानं चिवट. ती पोत्यात भरून पायाने तुडवून चुरावी लागतात. चौघांच्या घराला पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी चुरलेल्या पाल्याच्या दोन ते तीन गोण्या लागतात. पाला दोन दिवस उन्हात पसरून मगच भरावा आणि गोणी जमिनीला टेकू देऊ नये. वर पांढरी बुरशी धरली तरी चालतो, नुसता ओला झालेला मात्र निरुपयोगी. पाला नसेल तर पुठ्ठ्याचे तुकडे चालतात, तुमच्या वर्तमानपत्राच्या पट्ट्याही चालतात. गुळगुळीत रंगीत पुरवणी नको. सुताराकडचा भुसा घेताना विचारून घ्यावा. लाकडाचा असेल तर ठीक, प्लायवूड किंवा एमडीएफचा नको, त्यात गोंदातलं रसायन असतं. आणि झाडू मारून गोळा केलेला पाला कोपऱ्यात पेटवून देणाऱ्या सोसायट्यांना हे आत्ताच सांगायला हवं की जुलैत हाच पाला त्यांना पैसे देऊनही मिळणार नाही.

खत झालं की नाही हे रंगावरून ठरवू नये. ओंजळभर खत प्लास्टिकच्या पिशवीत तीन दिवस बंद करून ठेवा आणि उघडून वास घ्या. पहिल्या पावसातल्या मातीसारखा आला तर तयार, आंबूस आला तर आणखी पंधरा दिवस. कच्चं खत कुंडीत घातलं तर ते पुढे कुजताना मातीतलाच नत्र ओढून घेतं आणि पानं पिवळी पडतात. कुंडी भरताना तीन भाग माती, एक भाग खत. तुळशीला महिन्याला दोन मुठी पुरे.

२०१७ पासून महापालिकेने २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा रोज १०० किलोहून अधिक कचरा करणाऱ्या संस्थांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं आहे. त्यासाठी अनेक संस्थांनी ‘चोवीस तासांत खत’ देणारी यंत्रं घेतली. त्यांतली पुष्कळशी यंत्रं कचरा दळून विजेच्या उष्णतेने वाळवतात. बाहेर येतो तो तपकिरी भुगा दिसतो खतासारखा, पण कुजण्याची क्रिया झालेलीच नसते. तो बागेत टाकला आणि त्यावर पाणी पडलं की तिथे कुजायला लागतो, तापतो, वास मारतो, आणि माळी म्हणतो खत खराब आहे. यंत्र घेऊन झालंच असेल तर तो भुगा पाल्यात मिसळून, ओलसर ठेवून, तीन-चार आठवडे खड्ड्यात मुरवावा. नवं घ्यायचं असेल तर विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारावेत: किलोमागे वीज किती, आणि बाहेर आलेला माल ओला करून आठवडाभर ठेवला तर काय होतं. दुसऱ्या प्रश्नावर गडबडला तर विटांचा साधा हवेशीर हौद बांधावा.

आता ताटात काय असावं याकडे. शाकाहारी घरांत असा समज असतो की पर्यावरणाचा प्रश्न मटण खाणाऱ्यांचा. गाई-म्हशी रवंथ करतात, रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात मिथेन तयार होतो, आणि दूध त्यांचंच. जागतिक सरासरीने लिटरभर दुधामागे दोन ते तीन किलो कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन धरतात. म्हशीच्या दुधाचं किलोभर पनीर करायला पाचेक लिटर दूध लागतं, तूप किलोभर हवं तर चौदा-पंधरा लिटर. चौघांसाठी ४०० ग्रॅम पनीरची भाजी केली तर दोन लिटर दूध झालं, म्हणजे चार ते सहा किलो. त्याच चौघांना २०० ग्रॅम मटकीची उसळ पुरते, तिचा हिशेब अर्ध्या किलोच्या आत बसतो. शिवाय कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात, त्यामुळे पिकाला युरिया कमी लागतो. आकडे ढोबळ आहेत, शेत आणि गोठ्याप्रमाणे बदलतील, पण फरक दहापटीच्या आसपासचा आहे.

म्हणून दूध बंद करा असं आम्ही म्हणत नाही. शाकाहारी माणसाला बी-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दुधातूनच मिळतं. वाढत्या मुलांचं, गरोदर बायकांचं, म्हाताऱ्यांचं दूध-दही तोडणं चूक होईल. कमी करायचं ते पनीर आणि चीज, आणि जेवणाच्या टेबलावर त्यांची झालेली रोजची सवय. आठवड्यात तीनदा पनीर असेल तर एकदा करा, उरलेल्या दोन दिवशी उसळ. घरी पनीर केलं तर उरणारी निवळी ओतू नये, तिच्यात कणीक भिजवावी.

उसळ होत नाही याचं खरं कारण मोड. मुंबईत मटकी-मुगाला आठ तास भिजवणं आणि बारा ते अठरा तास बांधून ठेवणं पुरतं. पावसाळ्यात कडधान्य चिकट होतं आणि वास येतो, कारण बांधताना पाणी पूर्ण निथळलेलं नसतं किंवा फडकं ओलं चिंब असतं. भिजलेलं कडधान्य चाळणीत अर्धा तास निथळावं, फडकं पिळून घ्यावं, गाठोडं टांगावं, आणि मोड अर्ध्या बोटाचा झाला की फ्रिजमध्ये ठेवावं. रविवारी अर्धा किलो एकदम मोडवलं तर तीन दिवस जातं.

मांसाहारात बकऱ्याचं मटण फार जड, तेही रवंथामुळेच. कोंबडी आणि अंडी त्याच्या कितीतरी खाली. मटण सणावारी आणि रविवारच्या जेवणात चिकन किंवा मासळी, इतका बदल पुष्कळ झाला.

मासळीत प्रश्न निराळा आहे, तो आकाराचा. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला आणि त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीचा किमान आकार ठरवून दिला. तरी तळहाताहून लहान पापलेटं आणि वीतभर सुरमईची पिल्लं बाजारात वाट्यावर विकली जातात आणि आपण ती ‘लहान, स्वस्त, गोड’ म्हणून घेतो. एकदाही अंडी न घातलेला मासा खाल्ला की पुढच्या हंगामाचा तुटवडा आपणच पाटीतून घरी आणतो. बांगडा, तारली, मांदेली, जवळा हे कमी आयुष्याचे, लवकर वाढणारे, ते घ्यावेत. बोंबील भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोलजाळ्यात येतो, त्यामुळे ट्रॉलरइतकं डिझेल लागत नाही, मात्र जाळ्याची भोकं बारीक असली तर त्यातही इतर पिल्लं सापडतात. पावसाळ्यातल्या बंदीच्या महिन्यांत बर्फातली, दूरवरून आलेली मासळी घेण्यापेक्षा सुकी घ्यावी. वर्सोवा, उत्तनच्या उन्हात वाळलेल्या बोंबलाला शीतगृह लागत नाही. मेअखेर आणलेली सुकी मासळी पुन्हा दोन उन्हं दाखवून, कोरड्या तव्यावर किंचित भाजून, हवाबंद डब्यात ठेवावी. नुसती पिशवीत राहिली तर जुलैत तिला बुरशी धरते.

धान्यात एकच सुचवतो: आठवड्यातून तीन रात्री भाकरी. रब्बी ज्वारी, मंगळवेढ्याची मालदांडी घ्या, जमिनीतल्या ओलाव्यावर पिकते. भाताच्या खाचरात मात्र पाणी उभं असतं आणि त्या चिखलातूनही मिथेन येतो. शहरात भाकरी मागे पडली ती थापता येत नाही म्हणून, आणि थापता येत नाही ती पिठामुळे. पाकिटातलं ज्वारीचं पीठ महिना-दोन महिन्यांचं असतं, त्याची विरी (चिकटपणा) गेलेली असते, भाकरी कडेने फाटते. किलोभरच ज्वारी गिरणीतून दळून आणावी आणि पंधरवड्यात संपवावी. बाजरीचं पीठ तर आठ-दहा दिवसांतच कडू होतं, कारण तिच्यात तेल जास्त. पीठ जून झालंच असेल तर उकळत्या पाण्यात उकड काढून मळावं. साखरेबद्दल इतकंच, की केंद्रीय कृषिमूल्य आयोगाच्या म्हणण्यानुसार राज्यातल्या चार टक्क्यांहून कमी पिकाखालच्या जमिनीवरचा ऊस सिंचनाचं जवळपास ७० टक्के पाणी घेतो. चहात एक चमचा कमी झाला तर बिघडत नाही.

इंधनाकडे येऊ. १४.२ किलोचा एक सिलिंडर जळला की सुमारे ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पीसीआरए या इंधनबचतीसाठीच्या सरकारी संस्थेच्या सांगण्याप्रमाणे साध्या पातेल्यापेक्षा कुकरमध्ये तांदळाला सुमारे २० टक्के आणि भिजवलेल्या हरभराडाळीला सुमारे ४६ टक्के इंधन कमी लागतं. पण कुकर वापरूनही आपण बराच गॅस शिट्यांतून उडवतो. पहिली शिटी झाली म्हणजे आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास पोचलं. त्यापुढे आच कितीही वाढवली तरी ते वाढत नाही, फक्त वाफ बाहेर जाते. म्हणून शिट्या मोजणं सोडावं. पहिल्या शिटीनंतर आच बारीक करून घड्याळ लावावं: अर्धा तास भिजवलेल्या तूरडाळीला दहा-बारा मिनिटं, रात्रभर भिजवलेल्या छोल्यांना पंधरा ते वीस. मग बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी, शिजण्याचा शेवटचा टप्पा त्यातच होतो. ज्योत पिवळी दिसली तर बर्नरची भोकं पिनेने साफ करावीत.

इंडक्शन घेतलं की पर्यावरण राखलं असं सांगतात, ते आजच्या घडीला तितकंसं खरं नाही. आपली बरीचशी वीज कोळशाची आहे, युनिटमागे सुमारे ०.७ किलो उत्सर्जन होतं. हिशेब केला तर तोच स्वयंपाक गॅसवर करणं अजून तरी कमी उत्सर्जनाचं पडतं. घरातल्या हवेसाठी इंडक्शन चांगलं यात वाद नाही, आणि सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनल असतील किंवा वीज कंपनीकडून जादा दराने हरित वीज घेतली असेल तर चित्र उलटतं.

पाण्यात सर्वांत मोठी उधळपट्टी आरओ यंत्राची. मुंबईला सात तलावांचं पाणी येतं, ते मुळातच गोडं. त्यातले विरघळलेले क्षार (टीडीएस) लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या फार खाली असतात. आरओ क्षार काढण्यासाठी आहे, आणि घरगुती यंत्र एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर मोरीत सोडतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० च्या खालच्या पाण्यासाठी आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. काही शे रुपयांत मिळणाऱ्या टीडीएस मीटरने नळाचं पाणी मोजून पाहा. पालिकेचं पाणी असेल तर गाळणी आणि यूव्ही पुरे, किंवा उकळणं. टँकरचं किंवा बोअरचं असेल तर आरओ लागू शकतं. मग टाकाऊ पाणी लादीला आणि संडासाला वापरा, झाडांना नको, त्यात क्षार दाटलेले असतात.

बाकीचं थोडक्यात. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. तो चिमूटभर तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, गटारात जातो. पिशवी विसळून वाळवली तर भंगारवाला घेतो. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र कुणी घेत नाही, त्यात प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटलेले असतात. सुती पिशवी पातळ प्लास्टिकच्या पिशवीपेक्षा हवामानाला हलकी ठरायला ती १३१ वेळा वापरावी लागते, असा २०११ चा ब्रिटिश अभ्यास आहे. त्यामुळे हळदीकुंकवाच्या वाणात आलेली नववी पिशवी पर्यावरणाच्या काही कामाची नाही. वाण म्हणून पावशेर मूग दिले तर निदान उसळ होईल. एसी २४ वर ठेवा, अंशामागे साधारण सहा टक्के वीज वाचते.

शेवटी आपल्याकडे एक मागणी. वृत्तपत्रांच्या पाककृतींच्या सदरांत साहित्य ‘एक वाटी, दोन वाट्या’ असं येतं, किती माणसांसाठी ते क्वचितच. प्रत्येक कृतीबरोबर माणसांची संख्या आणि मुख्य जिन्नसाचं ग्रॅममधलं वजन छापावं. पनीरच्या दर कृतीमागे कडधान्याची एक कृती द्यावी. आणि जूनच्या विशेष पुरवणीसाठी खतावर लेख मागवणार असाल, तर तो कृपया या महिन्यातच छापा.

आपले,
आहारशास्त्र आणि ओला कचरा या विषयांत काम करणारे काही वाचक,
मुलुंड (पूर्व), मुंबई